मगर, हात आणि दुमजली पलंग

रविवारी दुपारी बाबा गॅलरीत बसून माझ्या पर्सची चेन दुरुस्त करत होते. मी ती त्यांना दिली नव्हती. बाबांना दुरुस्ती सांगावी लागत नसे; तुमची वस्तू त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आली की आपोआप दाखल व्हायची. चेन नीट झाली होती, तरी ते ती पुन्हा पुन्हा उघडत होते आणि लावत होते.

"झाली ना? मग आता काय चाललंय?" मी विचारलं.

"दिवसातून किती वेळा उघडतेस?"

"कोण मोजतं? असेल वीसेक वेळा."

"मग मला ऐंशी वेळा उघडून बघायला हवी. बस जरा."

मी बसले नाही. मला घाई होती. कसली, ते आता आठवत नाही. ऐंशीतल्या किती झाल्या होत्या कोण जाणे, मी पर्स त्यांच्या हातातून घेतली, "येते" म्हटलं आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. मला पलंगाबद्दल लिहायचं आहे.

पलंग म्हणजे आमच्या खोलीतला, माझा आणि भोपूचा. भोपू हा माझा धाकटा भाऊ. लहानपणी त्याच्या रडण्याचा आवाज खाली रस्त्यापर्यंत जायचा, म्हणून हे नाव. आता तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, डोक्यावर केस नाहीत आणि हाताखालची माणसं त्याला सर म्हणतात. पण आईने स्वयंपाकघरातून "भोपू" अशी हाक मारली की सरांची मान अजून आपोआप वळते. तो परगावाहून धावत आला आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर मुक्काम ठोकून राहिला. मी रजा काढून आले आणि आमच्या जुन्या खोलीत, दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर झोपू लागले. आणि आई, सगळा घोळ इथूनच सुरू झाला, आई बोळातल्या खुर्चीत.

बोळ म्हणजे बाहेरच्या खोलीतून आत जाणारी चिंचोळी जागा. एका बाजूला आईबाबांची खोली, दुसऱ्या बाजूला आमची, आणि मधे ती ताठ पाठीची लाकडी खुर्ची. आई स्वतःच्या खोलीत जायची ती कपडे काढण्या-ठेवण्यापुरती. दिवस मावळला की शाल घेऊन खुर्चीत बसायची आणि सकाळी आम्ही उठलो की तिथेच असायची.

"आई, आत जाऊन पड ना," मी म्हणायचे.

"मला इथे बरं वाटतं."

"पाठ आखडेल."

"आखडू दे. माझीच आहे."

यावर मी आणि भोपूने स्वयंपाकघरात खलबत केलं. आम्हा दोघांना खालच्या आवाजात बोलता येत नाही. भोपूला घशामुळे आणि मला भोपूला ऐकू जावं म्हणून. त्यामुळे ते खलबत आईने शब्दन् शब्द ऐकलं असणार.

"उघड आहे," भोपू म्हणाला. "तिला त्या खोलीत भीती वाटतेय."

मलाही तसंच वाटत होतं. इतकंच नव्हे, तर मी या विषयावर वाचलंही होतं. वाचणाऱ्या माणसाची ही एक अडचण असते. घरात काही घडलं की त्यावर कुठेतरी वाचलेलं त्याला आठवतं, आणि मग घरातल्या माणसाला विचारायचं राहून जातं.

"तिची खोली बदलायची," मी म्हणाले. "आमची खोली तिला द्यायची."

"आपली," भोपूने दुरुस्ती केली. "दुमजली पलंग काढून टाकू. तिच्यासाठी चांगला ऐसपैस, बसका पलंग आणू. पण मी निघायच्या आत व्हायला हवं, ताई. आई खुर्चीत बसलीय हे डोळ्यांसमोर घेऊन मी गेलो, तर माझ्या हातून तिकडे काही काम होणार नाही."

त्याचे डोळे भरून आले होते आणि तो आता भोंगा लावेल अशी मला धास्ती वाटली, म्हणून मी घाईघाईने "हो" म्हटलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काढा. तेवढंच हाताला काम." भोपूने त्याच दुपारी फोन करून नवा पलंग मागवूनही टाकला.

"जुना काढणं म्हणजे काय, अर्ध्या तासाचा खेळ," तो म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

इथे मला बाबांच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. बाबा पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. पंप बिघडून परत आला की तो पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर यायचा. आमच्या घरात भीतीही अशीच त्यांच्या टेबलावर जायची. दुसऱ्यांचे वडील "भित्रा कुठला" म्हणत किंवा "काही नसतं रे तिथे" म्हणून कुशीवर वळत. बाबा उठून चष्मा लावायचे. तक्रार नेमकी काय आहे, कधीपासून आहे, आवाज कुठल्या बाजूने येतो, हे सगळं विचारायचे. मग पलंगाभोवती फिरून पाहणी करायचे, आणि येत्या सुट्टीला हत्यारांची पेटी काढायचे. पलंगाखाली मगर आहे की नाही, या वादात ते कधी पडले नाहीत. मगरीला आत शिरायला जागा राहणार नाही, एवढीच त्यांची जबाबदारी.

आणि जे काही करायचं ते चौपट. दोन मुलांचं वजन असेल तर आठ मुलांचं धरायचं. कारखान्यात या नियमामुळे त्यांना मान होता. घरात या नियमामुळे आमच्याकडे असा एक पलंग होता, की ज्याच्यावर एखादी लहानशी शाळा भरवता आली असती.

भोपूने स्क्रू ड्रायव्हर लावला तेव्हा कळलं की स्क्रूला खाचाच नाहीत. बाबांनी प्रत्येक स्क्रूचं डोकं लांबीने, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याने, भरून वर रंग दिला होता. भोपूने लांबी उकरली. खाली दुसरा थर होता. तोही उकरला. मग स्क्रू दिसला, आणि दिसल्यावर तो स्क्रू नसून बोल्ट असल्याचं समजलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भोपूने एक बोल्ट उघडा पाडला, स्वतःचा अंगठा सोलून घेतला आणि बाबांबद्दल असं एक वाक्य उच्चारलं, जे उच्चारल्यावर तो पलंगावरच बसून रडला. आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला. समोरच्या दुकानदाराने वर पाहिलं.

त्या आवाजाने शेजारीपाजारी आले. ते तसेही येतच होते. सांत्वनाला आलेल्या माणसांची मोठी पंचाईत असते. "फार चांगला माणूस", "त्रास तरी झाला नाही", ही दोन वाक्यं संपली की हातातल्या कपाकडे बघत बसावं लागतं. आमच्याकडे पलंग होता. माणसं बाहेरच्या खोलीत जड चेहऱ्याने बसायची, आतून हातोडीचा आवाज आला की "काय चाललंय?" म्हणून उठायची, आणि पलंगाशी पोचेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर टवटवी आलेली असायची.

"करवतीने कापा," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. ते तळमजल्यावर राहतात.

"कापायचं कशाला? कुणाला तरी द्या," वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या.

"बाहेर निघाल्याशिवाय कसा द्यायचा, मावशी?"

"मग ज्याला द्यायचा त्याला इथेच राहायला बोलवा."

मुख्याध्यापक मजबुती पाहायला म्हणून खालच्या मजल्यावर आडवे झाले आणि त्यांना तिथे डोळा लागला. त्यांना उठवायचं कुणी, हा प्रश्न चहा होईपर्यंत सुटला नाही. मी त्यांची विद्यार्थिनी होते. मी दारात उभी राहून दोनदा खोकले. माझ्या वडिलांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि माझ्या अंथरुणात मुख्याध्यापक घोरत होते. अशा वेळी माणसाने कसं वागावं, हे मी कुठे वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. कानावर पेन्सिल, पोटावर हात आणि जगातल्या यच्चयावत लाकडाबद्दल ठाम मत. त्याने पलंगावर टिचक्या मारल्या, वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे कुणी केलंय?"

"आमच्या वडिलांनी."

"घरात काही भांडण वगैरे झालं होतं का?"

"नाही. का?"

"नाही, रागात केल्यासारखं वाटतं." मग त्याने पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत बोट घालायचा प्रयत्न केला. "इथे सिमेंट भरलंय. बाई, पलंगाला सिमेंट कोण भरतं?"

"फटीतून हात यायचा," भोपू म्हणाला.

सुताराने मागे घेतलं ते बोट बराच वेळ घडी घालून ठेवलं.

आम्हाला सगळा खुलासा करावा लागला. खालच्या पलंगाचा पुढचा भाग जमिनीपर्यंत फळ्यांनी बंद होता, तो मगरीसाठी. भिंतीकडची फट सिमेंटने बुजवली होती, ती हातासाठी. आणि वरचा मजला आरपार बोल्टांनी भिंतीत आवळला होता, तो अंगावर कोसळू नये म्हणून.

"मगर कुणाची होती?" सुताराने विचारलं. हे त्याला का कळायला हवं होतं, देव जाणे.

"हिची," भोपू म्हणाला.

"माझी? मगर तुझी होती. मी कशालाच भ्यायचे नाही."

"मी वर झोपायचो, ताई. वर झोपणाऱ्याला खालच्या मगरीचं काय?"

"तू खाली झोपायचास!"

"आधी खाली. मगर आल्यावर वर."

"मग वरचा मजला कोसळायची भीती कुणाची?"

"खाली झोपणाऱ्याची! वर झोपणारा कशाला भिईल? तो कोसळला तर खालच्यावर कोसळणार ना?"

घरात धीट मी होते, भित्रा तो होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्यावर आमचं सगळं लहानपण उभं होतं. बाबांकडे तक्रार घेऊन जायचा तो भोपू. रडायचा तो भोपू. मग खाली झोपलेली मी असताना कोसळणारा मजला भोपूचा कसा? मला काही केल्या हिशेब लागेना. सुतार एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी कंटाळून त्याने हातोडा उचलला आणि भिंतीतल्या पहिल्या बोल्टवर जोराने घाव घातला.

शेजारच्या घरातून किंकाळी आली.

आम्ही धावलो. शेजारच्या काकांकडे बाहेरच्या खोलीत एक लांबलचक फळी आहे. तिच्यावर त्यांना कॅरममध्ये मिळालेले कप आणि काकूंच्या काचेच्या बाहुल्या मांडलेल्या असतात. फळी एका बाजूने झुकली होती, एक कप जमिनीवर गडगडत होता आणि काकू तीन बाहुल्या पोटाशी धरून उभ्या होत्या. काकांनी झुकलेली फळी खांद्यावर तोलली होती.

"खिळा पुढे आला!" काका म्हणाले. "आमचा खिळा आपोआप भिंतीतून पुढे आला!"

तो त्यांचा खिळा नव्हता. बाबांनी आरपार बसवलेल्या बोल्टची ती दुसरी टोकं होती. भिंतीपलीकडे ती चांगली बोटभर बाहेर आली होती, एका रेषेत आणि सारख्या अंतरावर, कारण बाबांनी मोजून बसवली होती. काका तेव्हा अजून शेजारी राहायला यायचे होते.

"हे तुमचे?" काका फळीखालून म्हणाले. "आम्हाला वाटलं, बिल्डरने दिलेत! किती लोकांना सांगितलंय मी, की आमच्या बिल्डरने भिंतीत खास फळीची सोय करून दिलीय म्हणून!"

काकू मात्र खुर्चीवर बसल्या होत्या आणि माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "या बाहुल्या तुमच्या पलंगावर उभ्या होत्या?"

"तसं म्हणायला हरकत नाही, काकू."

"आणि तुम्ही दोघं त्याच्यावर उड्या मारायचात?"

"भोपू मारायचा."

"बाहुल्या नाचायच्या गं!" काकूंचा आवाज चढला. "संध्याकाळी मी एकटी असले की या बाहुल्या एकमेकींवर आपटायला लागायच्या! घरात काहीतरी आहे म्हणून मी यांच्या मागे लागले होते, घर बदला, घर बदला! हे मला म्हणायचे, तुला वेड लागलंय!"

"मी असं म्हटलं नव्हतं," काका फळीखालून म्हणाले.

"म्हटलं होतं! तुम्ही मला डॉक्टरकडे नेलं होतं!"

आम्ही परतलो तेव्हा त्यांचं भांडण चालूच होतं. भोपू गंभीरपणे म्हणाला, "बाबांनी आपल्या बाजूची भीती ठोकून तिकडे पाठवली." मला हसू आलं. बाबा गेल्यापासूनचं ते पहिलंच हसू. ते दाबायच्या प्रयत्नात मला ठसका लागला, आणि दारातून सोसायटीचे सेक्रेटरी आत आले.

सेक्रेटरी बाबांचे जवळचे मित्र. इमारतीच्या पाण्याच्या पंपावरून त्यांचं आणि बाबांचं वर्षानुवर्षं भांडण चालायचं, आणि भांडण संपलं की दोघं एकत्र फिरायला जायचे. शेजारच्या काकांनी फळी खांद्यावरून खाली ठेवायच्या आतच त्यांना फोन केला होता.

"भिंतीत बसवलेली कुठलीही गोष्ट काढणं म्हणजे बांधकामात बदल," सेक्रेटरी म्हणाले. "त्याला अर्ज लागतो."

"पलंग आहे तो, सेक्रेटरीकाका."

"सिमेंट आहे ना? मग बांधकाम. अर्ज मी लिहून आणलाय, फक्त मालकांची सही लागेल."

सुताराने कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवली.

"काका," मी म्हणाले.

"हो, माहीत आहे मला." त्यांनी अर्जाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. बाबा गेले त्या सोमवारी सकाळी सगळ्यात आधी तेच धावत वर आले होते. "माहीत आहे, पण नियमात तशी सोय नाही. घर आधी आईच्या नावावर व्हायला हवं, त्याला समितीची मंजुरी, समितीची बैठक बोलवायची तर सभासद..." ते थांबले. "बैठकीला तोच सगळ्यांना गोळा करायचा. माझ्याने कुणी येत नाहीत."

त्यांनी नाक शिंकरलं. भोपूनेही शिंकरलं. मग सेक्रेटरींनी एक मधला मार्ग काढला. इंजिनिअरने येऊन भिंतीला धोका नाही असं सांगितलं, तर ते डोळेझाक करतील. इंजिनिअर त्यांचा भाचा होता.

भाचा दुसऱ्या दिवशी हजर झाला. त्याने भिंतीला कान लावला, पलंगाला कान लावला, शेजारी जाऊन त्या बाजूने कान लावला. काकूंनी त्याला तेवढ्यात बाहुल्यांची सगळी हकिकत सांगितली. परत आला तेव्हा तो चिंतेत होता.

"पलंग भिंतीच्या आधाराने उभा आहे की भिंत पलंगाच्या," तो म्हणाला, "हे मला खात्रीने सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वरच्या मजल्याला आणि सिमेंटला हात लावू नका. खालच्या पुढच्या फळ्या काढल्या तर चालेल."

सुताराचा चेहरा खुलला. पुढच्या फळ्या काढू, खालचा पलंग पुढे वाढवू, आजी ऐसपैस झोपतील, वरचा मजला छत समजायचा. नव्या पलंगाचं काय करायचं, असं मी विचारलं, पण माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, कारण फळ्या काढणार म्हटल्यावर गर्दी जमली होती. मुख्याध्यापक आले, वरच्या मावशी आल्या, काका फळी सोडून आले आणि काकू बाहुली घेऊन आल्या. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून त्या फळ्यांआड उजेड शिरला नव्हता.

"आत काय असेल?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. मगर येऊ नये म्हणून बंद केलं होतं," भोपू म्हणाला.

"हो, पण बंद केलं तेव्हा ती आत होती की बाहेर, हे बघितलं होतं का?"

हा मुद्दा आजवर कुणाच्याच लक्षात आला नव्हता. सुताराने पहार अडकवली. लाकूड करकरलं. आता मी जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माझा भाऊ, टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप, शिडीला हातही न लावता वरच्या मजल्यावर पोचला. आणि त्याच क्षणी माझ्या असं ध्यानात आलं की मी दाराबाहेर बोळात उभी आहे, आणि आईच्या खुर्चीची पाठ मी दोन्ही हातांनी धरलेली आहे. मी तिथे कशी आले, ते मला सांगता येणार नाही. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती. तिने मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

फळी निघाली. आत काहीही नव्हतं. नुसती फरशी, आणि फरशीवर मऊ धूळ. इतक्या वर्षांच्या तयारीनंतर इतकं काहीच नसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. लोक थोडा वेळ वाकून ते पाहत राहिले आणि मग फसवलं गेल्यासारखे एकेक करून निघून गेले.

"मगर होती माझी," भोपू वरून म्हणाला. तो अजून उतरला नव्हता. "आता आठवलं. पण हात माझा नव्हता, ताई. आणि मजला कोसळायचा तोही नाही. तू मला सांगायचीस, 'भोपू, जा आणि बाबांना सांग की तुला भीती वाटते.' मी म्हणायचो, मला नाही वाटत. तू म्हणायचीस, वाटते, तुला कळत नाही. मग मी जाऊन सांगायचो. मला वाटायचं, ताई म्हणते म्हणजे वाटतच असेल."

"काहीतरीच," मी म्हणाले.

"आणि बाबा माझं ऐकून घ्यायचे, आणि दुरुस्ती मात्र तुझ्या बाजूला करायचे. मला तेव्हा फार राग यायचा. तक्रार माझी आणि काम तुझं!"

मी त्याला काही उत्तर देणार होते. पण तेवढ्यात बेल वाजली आणि नवा पलंग आला.

नवा पलंग खरोखरच ऐसपैस होता. तो आणणारी दोन माणसं "कुठे ठेवायचा?" म्हणाली, आणि आम्ही "आत" म्हणेपर्यंत त्यांनी तो उभा करून बोळात घुसवला होता. आमच्या खोलीच्या दारातून तो जाईना. आईबाबांच्या खोलीच्या दारातून जाईना. मागे घ्यायला गेले तर बाहेरच्या खोलीतही येईना. येताना तो कसा आला, याबद्दल त्या दोघांचं आपसांत एकमत होईना. आईला उठवून तिची खुर्ची स्वयंपाकघरात ठेवावी लागली. शेवटी ती दोघं पलंगाखालून वाकून बाहेर पडली आणि पावतीवर सही घेऊन निघून गेली. सुतार त्यांच्याच बरोबर गेला. तो पुन्हा येईल असं त्याने सांगितलं, पण पहार घेऊन गेला.

संध्याकाळ झाली होती. दिवे लावायची वेळ. भोपूची बॅग दाराशी भरून ठेवलेली. त्याला सकाळी निघायचं होतं. आमच्या खोलीत पुढची फळी नसलेला पलंग, बोळात भिंतीसारखा उभा नवा पलंग, शेजारी काकूंचं भांडण अजून चालू, आणि आईला आता खुर्चीसुद्धा नाही. तीन दिवस राबून आम्ही तिची होती ती जागाही काढून घेतली होती.

आई पलंगाच्या अलीकडे येऊन उभी राहिली. तिने त्याच्यावर हात फिरवला, कापड चाचपलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "कुणासाठी आणलात?"

"आई, तुझ्यासाठी," भोपू रडवेला होऊन म्हणाला. "तुला त्या खोलीत भीती वाटते ना, म्हणून."

"मला?"

"मग तू खुर्चीत का झोपतेस?"

"मी झोपते कुठे? बसते." आईने शाल सावरली. "त्या खोलीत मी जन्म काढला. तिथे मला कसली आलीय भीती? आता इथे अंथरूण पडलं तर झोपेन मी. पण हिच्या खोलीतला दिवा रात्रभर जळतो. पहिल्या दिवसापासून. हिला झोप लागली की आत जाऊन पडावं, म्हणून मी बाहेर बसते. ही झोपतच नाही."

भोपूने माझ्याकडे पाहिलं.

"मी वाचत असते, आई," मी म्हणाले. हे उत्तर माझ्यापाशी नेहमी तयार असतं, आणि ते सगळ्यांना पटतं.

"वाचत असतेस, तर पान उलटल्याचा आवाज येतो गं," आई म्हणाली. "मी दाराशीच असते. एकही पान उलटत नाही."

मी पलंगाला टेकले. तो जरासुद्धा हलला नाही, इतका घट्ट अडकला होता. मला म्हणायचं होतं की दिवा विझवायचा राहून जातो. मला म्हणायचं होतं की हल्ली माझी झोपच कमी झाली आहे, वयाने होतं तसं. दोन्ही वाक्यं पूर्ण तयार होती. मी भोपूकडे पाहिलं. मी सांगितलं असतं तर तो आताही माझ्या वतीने बोलला असता. पण या वेळी मी त्याला सांगितलं नाही. आईही नुसती उभी होती, शाल हातात धरून, जणू तिला कुठे जायचंच नव्हतं.

"भीती मला वाटते, आई," मी म्हणाले. "मलाच वाटते. तू माझ्याजवळ झोप."